गुडघ्यावरचा होम

"खुर्चीत बसून माणसं बँकेचं पासबुक भरतात. श्राद्ध नाही करत." हे आमच्या घरमालकांचं वाक्य रामकुंडावर इतक्यांनी ऐकलेलं होतं, की त्यांना पाठीमागे सगळे 'मांडीवाले गुरुजी'च म्हणायचे. तिथे पिढ्यान्‌पिढ्या यजमानांची कार्यं चालवणारं त्यांचं घर. कुणी गुडघे धरून म्हणालं, "गुरुजी, एखादं स्टूल मिळेल का?" तर गुरुजी शांतपणे विचारायचे, "वडील गेले ते तुम्हाला मांडीवर घेऊन वाढवून गेले ना? मग तासभर त्यांच्यासाठी मांडी घालवत नाही?" माणूस निमूट खाली बसायचा. सख्ख्या मेव्हण्यालाही त्यांनी सोडलं नव्हतं. मेव्हणा त्यानंतर दोन दिवाळ्या फिरकला नाही म्हणे, आणि गुरुजींना त्याचं काडीचं वाईट वाटलं नाही.

मी त्यांची भाडेकरू. पंचवटीत त्यांच्या तीन मजली इमारतीच्या तळमजल्यावर माझा दवाखाना होता. मी सुया टोचते, म्हणजे अॅक्युपंक्चर करते, आणि जोडीला मोक्सा देते. नागदवण्याची वाळलेली पानं कुटून कापसासारखी मऊ करतात, त्याची जाड विडीसारखी कांडी वळतात, ती पेटवून दुखऱ्या जागेच्या जवळ धरतात. टेकवायची नाही, नुसती ऊब द्यायची. मूळ विद्या चीन-जपानकडची. सोपी आहे, सोसवते, फक्त धूर फार होतो. आणि त्या धुराचा वास, काय सांगू, थेट गांजासारखा येतो.

पहिल्याच आठवड्यात काकू, म्हणजे गुरुजींच्या पत्नी, खाली आल्या. "खाली काय जाळतायत ते विचारून ये, असं सांगितलंय. म्हणून विचारते." मी सांगू लागले तर हात वर करून म्हणाल्या, "राहू दे गं बाई. मी वर जाऊन धूप म्हणून सांगणार आहे. तू खरं सांगितलंस तर मला खोटं बोलायला लागेल." काकूंचं हे असं होतं. नवऱ्याशी उभा जन्म त्यांनी वाद घातला नाही, आणि हरल्याही कधी नाहीत.

तर गुरुजींचे गुडघे. ते गेलेत हे आधी माझ्या लक्षात आलं, कारण माझ्या दवाखान्याच्या दारातूनच जिना दिसायचा आणि गुरुजी जिना उलटे उतरायचे. तोंड वरच्या मजल्याकडे, पाठ रस्त्याकडे, एक हात कठड्याला. मी विचारलं तर म्हणाले, "घरात लक्ष्मी असते. तिला पाठ दाखवून बाहेर पडू नये." मी बरं म्हटलं. पण हे आमच्या समोरच्या बिल्डिंगमधल्या भांड्यांच्या दुकानवाल्याने ऐकलं, आणि तोही घरातून उलटा निघायला लागला. चौथ्या दिवशी त्याचा घोटा मुरगळला आणि तो माझ्याकडेच आला. त्याला सुया टोचताना मला हसू आवरेना. गुडघा दुखत असला की उतरताना उलटं उतरणं सोपं जातं, हे आम्ही पेशंटना शिकवतो. गुरुजींना ते कुणी शिकवलं नव्हतं, त्यांच्या गुडघ्यांनीच शोधून काढलं होतं. लक्ष्मी बिचारी उगाच मधे आली.

मग एकदा मुलाने त्यांना जवळजवळ उचलूनच हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. मुलगाही गुरुजीच, पण नव्या तऱ्हेचा, यजमानांच्या वेळा मोबाईलवर ठरवणारा. डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला. दोन्ही गुडघ्यांतली गादी झिजलेली, हाडाला हाड लागलेलं. म्हणाले, गुडघे बदलून टाकू, महिन्याभरात चालायला लागाल.

"आणि बसायला?" गुरुजींनी विचारलं.

"खुर्चीवर बसा की. फक्त मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही. ते आता विसरायचं."

गुरुजी घरी आले ते तोंड आवळूनच. संध्याकाळी माझ्याकडे खाली आले, उलटेच, आणि पेशंटच्या बाकावर बसून म्हणाले, "मंत्र काय, पुस्तकात बघून कोणीही म्हणतं. मी आयुष्यभर मांडी घातली म्हणून लोकांनी मला विचारलं. ती काढून घेतली तर माझ्याकडे उरतं काय? आणि ज्यांना मी खाली बसवलं ते मला खुर्चीवर बघून काय म्हणतील?" हे शेवटचं वाक्य त्यांनी जरा पुटपुटतच म्हटलं. मला दया आली आणि थोडं, खोटं कशाला बोला, बरंही वाटलं. फार जणांना त्यांनी खाली बसवलं होतं. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या त्या धुराने होतं का काही?"

मी स्पष्ट सांगितलं. झिजलेली गादी काही भरून यायची नाही. दुखणं कमी होतं, आखडलेलं सैल होतं, काहींना चांगलं होतं, काहींना नाही होत.

"मांडी?"

"बघू."

"बघू म्हणजे डॉक्टरांचं हो की नाही?"

"बघू म्हणजे बघू, गुरुजी."

कांडी कशाची हे त्यांनी विचारलं. दवण्याच्याच कुळातली वनस्पती, असं म्हटल्याबरोबर ते ताठ झाले. "दवणा? चैत्रात देवाला वाहतो तो? मग चिनी चिनी काय म्हणता! आपलाच आहे. तिकडे गेला असेल, यात्रेला." त्या क्षणापासून मोक्सा आपली झाली आणि माझी पंचाईत सुरू झाली.

मी काडी ओढली तर म्हणाले, "थांबा. संकल्प?" उपचारालाही संकल्प असतो हे मला ठाऊक नव्हतं. त्यांनी डोळे मिटून देश, काल, तिथी, नक्षत्र सगळं म्हटलं, त्यात गोदावरीचा दक्षिण तीर की उत्तर यावर क्षणभर अडले, आणि शेवटी 'उभय जानुपीडा' दूर होण्यासाठी हे कर्म करतो असं म्हणून पाणी सोडलं. माझ्या गादीवर. मग मी कांडी पेटवली, पेटलेलं टोक धुमसावं म्हणून फुंकर मारायला तोंड पुढे केलं, तर ओरडले, "अहो! अग्नीवर तोंडाने फुंकतात का? उष्टा होतो!" त्यांनी काकूंकडून एक बांबूची फुंकणी मागवून घेतली. ती माझ्याकडे अजून आहे.

खरं भांडण झालं ते कांडी विझवताना. कांडी अर्धी उरते, ती विझवून दुसऱ्या वेळेला वापरतात. गुरुजी म्हणाले, अग्नी विझवायचा नसतो, त्याचं विसर्जन करायचं. आणि मी आत हात धुवायला गेले तेवढ्यात या गृहस्थांनी मंत्र म्हणून कांडीच्या टोकावर चमचाभर दही घातलं. होमाला घालतात तसं. जळक्या दह्याचा वास तुम्ही घेतलाय का कधी? संध्याकाळचे पेशंट दारातून परत गेले. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. मी म्हटलं, "गुरुजी, या कांड्या मी बाहेरून मागवते, त्यांची लस्सी करू नका." काकू वरून म्हणाल्या, "माझ्या विरजणाचंही काहीतरी बघा. गुडघे बरे होतील तेव्हा होतील, घरात दही उरेना झालंय."

तोड काकूंनीच काढली. त्यांनी एका बरणीत चाळलेली राख भरून पाठवली. जुन्या बायका रात्री विस्तव राखेत झाकून ठेवायच्या, सकाळी उकरला की लाल. "हे विझवणं नाही," त्या म्हणाल्या, "निजवणं आहे." गुरुजींनी थोडा विचार केला. शास्त्रात याला विरोध आढळेना. त्या दिवसापासून माझ्याकडच्या सगळ्या कांड्या निजायला लागल्या.

पण गुरुजी आता स्वतःच्या गुडघ्यांवर थांबेनात. दुपारभर ते माझ्या बाकावर बसत आणि आलेल्या प्रत्येकाला गोत्र विचारत. इगतपुरीहून एक रिटायर्ड रेल्वे गार्ड यायचे, कंबर धरलेले. ते गोंधळले. "गोत्र वगैरे काय माहीत नाही हो. आमचं डिव्हिजन भुसावळ."

"काश्यप लावतो," गुरुजी म्हणाले. "ज्याला माहीत नाही त्याचं काश्यप."

गार्डांच्या कंबरेला आराम पडला. ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, बाईंच्या सुया ठीक आहेत, पण खरा गुण गोत्राचा. आल्याच्या चकतीवर मोक्साची लहानशी रास रचून चकती गुडघ्यावर ठेवायची आणि रास पेटवायची, असाही एक प्रकार आहे. त्यातली वापरलेली चकती मी टाकून द्यायचे. गुरुजी ती टाकू देत नसत. होमातलं शेष म्हणून पेशंटला हातावर द्यायचे, आणि पेशंट ती डोळ्याला लावून खायचे. एका बाईंनी मला फोन करून विचारलं, प्रसाद उपाशीपोटी घ्यायचा का जेवून?

आणि तो साधू. पंचवटीत साधूंना तोटा नाही. एका दुपारी गुरुजी गादीवर आडवे, दोन्ही गुडघ्यांवर आल्याच्या चकत्या धुमसताहेत, खोलीत धूर भरलेला, आणि दारात एक जटाधारी उभा. त्याने डोळे मिटून खोल श्वास घेतला. चेहऱ्यावर समाधान पसरलं. आत येऊन भिंतीशी बसला, हात पुढे केला आणि म्हणाला, "जय भोले. माल बढिया है. थोडा इधर भी, महाराज."

मी काही बोलायच्या आत गुरुजी झोपल्या झोपल्या म्हणाले, "जरूर, जरूर. पैर इधर करो बाबा." साधूला वाटलं, इथली काही वेगळी रीत असेल. त्याने पाय पुढे केला. गुरुजींनी मला खूण केली. मी एक चकती त्याच्या गुडघ्यावर ठेवली. तो वाट पाहत राहिला. चकती तापत गेली. त्याने एकदा चकतीकडे, एकदा गुरुजींकडे पाहिलं, आणि मग "अरे ये तो चूल्हा है, चूल्हा!" म्हणत धोतर सावरून पळाला. गुरुजी इतके हसले की त्यांच्या गुडघ्यावरची राख गादीवर सांडली. "बघितलंत?" म्हणाले. "कसा ताडकन उठला! लगेच गुण."

खरं सांगायचं तर गुरुजींनाही गुण येत होता. हळूहळू. सकाळचं आखडणं कमी झालं. जिना ते कठडा न धरता चढायला लागले, उतरताना मात्र अजून लक्ष्मी आठवायची. पाटावर बसायचा प्रयत्न केला की अर्ध्यात अडकायचे आणि ओठ दाबून धरायचे. चेहरा पांढरा व्हायचा. मी म्हणायचे, पुरे. ते म्हणायचे, "अजून एक चकती ठेवा." मुलगा ऑपरेशनचं काढायचा, गुरुजी ऐकू न आल्यासारखं करायचे. मुलाला वाटायचं मी त्यांना फूस लावते. एकदा दारात उभं राहून म्हणालाच, "ताई, तुमच्या धुराच्या नादात बाबांचं चालणंही जाईल." मला राग आला, पण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मी त्याच दिवशी गुरुजींना म्हटलं, ऑपरेशन करून घ्या, माझं औषध तिथवर पोचत नाही. त्यांनी माझ्याशी दोन दिवस अबोला धरला. उपचाराला मात्र रोज वेळेवर यायचे.

अशात नामपूरच्या आप्पांचा फोन आला. आप्पा म्हणजे कांद्याचे व्यापारी, त्यांच्या आजोबांपासून सगळी कार्यं गुरुजींच्या घरी. आप्पांची आई जाऊन वर्ष होत आलं होतं. फोन स्पीकरवर होता, आप्पांचा आवाज खालपर्यंत घुमला. "गुरुजी, मायनी सांगेल शे, तुमनाच हाते व्हवाले पाहिजे. पोरगा नको, तुम्हीच बसा."

मी वर गेले तेव्हा मुलगा म्हणत होता, मी बसतो, त्यांना समजावून सांगतो. तेव्हा काकू पहिल्यांदा मधे पडल्या. माझ्यासमोरच. पदराला हात पुसत म्हणाल्या, "हे एक कार्य तुम्ही करा. खाली बसून करा. पण त्याच्या नंतरच्या मंगळवारी ऑपरेशन. मी डॉक्टरांना सांगून ठेवलंय." गुरुजींनी तोंड उघडलं. "तुम्ही रात्री कण्हता ते मला ऐकू येतं," काकू म्हणाल्या. "मला अजून दहा वर्षं ते ऐकायचं नाही." आणि डोळे पुसत आत निघून गेल्या. गुरुजी मला म्हणाले, "एकदा. एकदा नीट बसवा मला. बाकी काही मागत नाही."

त्या दिवसांत मी त्यांच्यावर जेवढं आलं जाळलं तेवढ्यात एका हॉटेलचा महिन्याचा चहा झाला असता. सकाळी चकत्या, संध्याकाळी कांडी, मधे व्यायाम. दही नाही, संकल्प मात्र रोज. कार्याच्या आदल्या दिवशी ते पाटावर बसले. पूर्ण मांडी. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. मी आणि काकू बघत राहिलो. "काय बघताय?" ते म्हणाले. "माणूस बसलेला बघितला नाही का कधी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मीही रामकुंडावर गेले. म्हटलं, अडलं तर जवळ असावं. जीपमधून आप्पा उतरले, जावयाच्या खांद्यावर हात ठेवून. मला वाटलं, दुःखाने. गुरुजी बसले. बसले हो! आप्पाही समोर बसले, जरा धाडकन. कार्य सुरू झालं. पितरांच्या कामात डावा गुडघा जमिनीला टेकवतात, तेव्हा आप्पांच्या कपाळावर घाम आला. मला तेही दुःखच वाटलं. गुरुजींचा आवाज खणखणीत होता, कितीतरी दिवसांनी. शेजारचे गुरुजी मान वळवून ऐकत होते.

सगळं झालं. पिंड झाले, तर्पण झालं, आता नमस्कार करून उठायचं. कुणीच उठेना. गुरुजींनी एक जास्तीचं स्तोत्र धरलं. ते संपलं. आप्पा म्हणाले, "गुरुजी, मायच्या माहेरच्यांचं राहिलं." त्यांना पाणी सोडलं. मग मावशीला. मग मावशीच्या सासूला. गुरुजींनी अजून एक स्तोत्र म्हटलं. आप्पांनी गावच्या शाळेतले मास्तर काढले, मग शेजारचे, मग म्हणाले, "आमचं एक कुत्रं होतं. माय त्याला लय जीव लावायची."

"शास्त्रात चराचराला देता येतं," गुरुजी गंभीरपणे म्हणाले आणि कुत्र्याला तिळाचं पाणी मिळालं. मी एवढ्या वर्षांत असं श्राद्ध पाहिलं नव्हतं. मागे पुढचे यजमान खोळंबले होते, मुलगा मोबाईलमध्ये वेळ बघत येरझाऱ्या घालत होता.

शेवटी पितर संपले. आप्पांनी इकडेतिकडे पाहिलं आणि कान पकडले. "गुरुजी, खरं सांगू? माझे गुडघे कामातून गेले. खाली बसलो तव्हाच समजलं, आता काय उठणं नाय. तुमाला स्टूल मागायची हिंमत नाय झाली."

गुरुजी क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिले आणि मग जे हसत सुटले! "अहो आप्पा, आधी नाही का सांगायचं! तुमची भक्ती बघून मी थक्क झालो होतो. कुत्र्यापर्यंत आलात!" आप्पाही हसायला लागले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. जावयाने आणि मुलाने मिळून त्यांना काखेत धरून उभं केलं. गुरुजींनीच ओरडून शेजारून प्लास्टिकची खुर्ची मागवली. "बसा आप्पा, बिनधास्त बसा. पितर जेवून गेले."

मग सगळे गुरुजींकडे वळले. मुलाने हात पुढे केला तर त्यांनी झटकला. "आप्पांना बघ. चहा दे त्यांना." मुलगा गेला. मी पायरी उतरून खाली गेले, हात दिला आणि हळूच म्हटलं, "बसायचं औषध लागू पडलं, गुरुजी. उठायचं द्यायचं राहिलं वाटतं माझं."

ते हसले नाहीत. समोर पाण्याकडे बघत होते.

"उठता येतंय हो मला," ते म्हणाले. "मघाशीच येत होतं. दुखतंही नाहीये फारसं. पण ही मांडी सोडली की परत घालायची नाही. मंगळवारी कापणार." त्यांनी उपरणं नीट केलं. "आठव्या वर्षी वडिलांनी इथे आणून बसवलं होतं. बसू द्या जरा."

तेवढ्यात मुलगा चहा देऊन परत आला, मागे पुढचे यजमान, पिशव्या, पत्रावळी, सगळं घेऊन. "काय झालं ताई? उठता येत नाही का बाबांना?"

"पुढच्या यजमानांना पलीकडे बसवून घ्या," मी म्हटलं. "इथलं कार्य अजून व्हायचंय."